माथ्याची कमाई : फुटबॉलपटू जेफ अ‍ॅस्टल

थोरामोठ्यांची चरित्रे वाचावीत असे आपल्याला शाळेपासून सांगितले जाते. वार्षिक अंकातही एखाद्या समाजसुधारकाचे, शास्त्रज्ञाचे किंवा कवीचे चरित्र बहुधा असतेच. मी ज्यांचे चरित्र लिहायला घेतले आहे ते गृहस्थ यांपैकी कोणीही नव्हते. ते इंग्लंडातल्या एका कारखानदारीच्या भागात फुटबॉल खेळत, खेळ सुटल्यावर लोकांच्या खिडक्या पुसून संसार चालवीत, आणि वयाच्या ५९ व्या वर्षी वारले. त्यांचे नाव जेफ अ‍ॅस्टल. क्रिकेटवेड्या आपल्या मुलखात हे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. मग त्यांचे चरित्र कशासाठी, असे आमचे प्राध्यापक विचारतील. अ‍ॅस्टल वारल्यानंतर त्यांच्या मृत्यूच्या चौकशीत जे दोन शब्द नोंदवले गेले, ते वाचल्यापासून हा माणूस माझ्या मनातून जात नाही, एवढेच उत्तर माझ्याजवळ आहे. ते शब्द ओघाने पुढे येतीलच.

जेफ्री अ‍ॅस्टल यांचा जन्म १३ मे १९४२ रोजी नॉटिंगहॅमशायर परगण्यातील ईस्टवुड या गावी झाला. इंग्रजी विषय घेतलेल्या मित्रांना हे गाव वेगळ्या कारणाने माहीत असेल. कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स याच गावचे. १८८५ साली एका खाणकामगाराच्या घरी ते जन्मले आणि कोळशाच्या खाणींची काळी सावली त्यांच्या लेखनावर पडली. अ‍ॅस्टल यांचे बालपणही तशाच गावात गेले. अशा गावातल्या पोराला खाणीत उतरायचे नसेल तर जी थोडी दारे उघडी असत, त्यांपैकी एक फुटबॉलचे होते. अंगात रग आणि पायात खेळ असला की कुळ, पैसा, शिक्षण कोणी विचारत नसे.

जेफ नॉट्स काउंटी या क्लबात दाखल झाले. १८६२ साली स्थापन झालेला हा क्लब जगातला सर्वांत जुना व्यावसायिक फुटबॉल क्लब समजला जातो. तेथे त्यांना टॉमी लॉटन यांच्याकडून धडे मिळाले. हे लॉटन म्हणजे एका पिढीपूर्वीचे इंग्लंडचे नामांकित आघाडीवीर, आणि त्यांची ख्याती होती ती डोक्याने गोल करण्याबद्दल. गुरू तसा चेला, हे येथे अक्षरशः खरे ठरले.

फुटबॉल फारसा न पाहिलेल्या वाचकांसाठी हेडर म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी कहाणी त्यावरच उभी आहे. मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू गोलाच्या तोंडाशी उंच चेंडू टाकतो. तेथे उभा असलेला आघाडीवीर विरोधी बचावपटूंच्या गर्दीतून वर उडी घेतो आणि कपाळाने चेंडू जाळ्यात मारतो. बघणाऱ्याला वाटते, चेंडू येऊन डोक्यावर आदळला. खरे पाहता डोके चेंडूवर जाऊन आदळावे लागते. मान ताठ, डोळे उघडे, कमरेपासून सारे अंग धनुष्यासारखे मागे ताणलेले, आणि नेमक्या क्षणी घाव. नियमाप्रमाणे चेंडूचे वजन सुमारे ४१० ते ४५० ग्रॅम असते. पण हे झाले कोरड्या चेंडूचे वजन. त्या काळचे चेंडू कातड्याचे. इंग्लंडातल्या हिवाळी पावसात, चिखलात ते पाणी पीत आणि सामना संपेपर्यंत चांगलेच जड होत. शिवाय सामना आठवड्याला एक किंवा दोन, सराव मात्र रोजचा. सामन्यात एखादा हेडर साधावा म्हणून सरावात कितीतरी हेडर मारायचे. या धंद्याची रीतच तशी होती, आणि तिच्यात काही धोका असेल असे तेव्हा कोणाला वाटत नव्हते.

सप्टेंबर १९६४ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबाने २५ हजार पौंड मोजून अ‍ॅस्टल यांना घेतले. वेस्ट ब्रॉमविच हे बर्मिंगहॅमला लागून असलेले गाव. कोळसा, लोखंड आणि ओतशाळांच्या धुरामुळे या सगळ्या टापूला ब्लॅक कंट्री, म्हणजे काळा मुलूख, असेच नाव पडले आहे. (याच ओतशाळांत कामाला म्हणून पंजाबातून गेलेली पुष्कळ कुटुंबे तेथे स्थायिक झाली, हेही जाता जाता सांगायला हवे.) क्लबाचे मैदान हॉथॉर्न्स या नावाचे. समुद्रसपाटीपासून ५५१ फुटांवर, म्हणजे इंग्लंडच्या लीगमधल्या साऱ्या मैदानांत उंच. पोशाख गडद निळ्या आणि पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा. या पट्ट्यांवर तिथल्या लोकांचा जीव. दर उन्हाळ्यात नव्या हंगामाची जर्सी जाहीर झाली की पट्टे रुंद झाले की अरुंद, निळा रंग उजळ झाला की काळवंडला, यावर घरोघर आणि गुत्त्यागुत्त्यांतून वाद झडतात. आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीच्या उंचीवरून मंडळामंडळांत जसे बोलणे होते, त्यातलाच प्रकार!

या पट्ट्यांच्या जर्सीवर ९ हा आकडा लावून अ‍ॅस्टल दहा वर्षे खेळले. ३६१ सामने आणि १७४ गोल. १९६६ साली क्लबाने लीग कप जिंकला. त्या वेळी अंतिम सामना दोन भागांत होई. लंडनच्या वेस्ट हॅमविरुद्ध पहिला भाग अल्बियनने १-२ असा गमावला, पण त्यातला अल्बियनचा एकुलता गोल अ‍ॅस्टल यांचा होता. दुसऱ्या भागात घरच्या मैदानावर ४-१ असा विजय मिळवून त्यांनी चषक नेला. प्रेक्षकांनी त्यांना राजा हे नाव दिले. नेदरटन येथे कालव्यावरील एका पुलाच्या भिंतीवर अ‍ॅस्टल हाच राजा आहे अशा अर्थाची अक्षरे कोणीतरी पांढऱ्या रंगाने रंगवली. पुढे तो पूल त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. भिंतीवर नाव रंगवून घेण्यासाठी आपले पुढारी किती खटपट करतात ते आपण पाहतोच. येथे लोकांनी ते आपणहून रंगवले.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस १८ मे १९६८. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एफ. ए. कपाचा अंतिम सामना, एक लाख प्रेक्षक, समोर लिव्हरपूल शहरातला बलाढ्य एव्हर्टन संघ. त्या दिवशीच्या पोशाखाची एक गंमत आहे. एव्हर्टनचा रंगही निळा आणि अल्बियनचाही निळा, म्हणून दोन्ही संघांना आपापले रंग सोडावे लागले. एव्हर्टन पिवळसर रंगात उतरले, आणि अल्बियनने पांढरा सदरा, पांढरी चड्डी व तांबडे पायमोजे घातले. टेलिव्हिजनवर रंगीत दाखवला गेलेला हा पहिलाच एफ. ए. कप अंतिम सामना. त्यामुळे ते तांबडे पायमोजे लोकांच्या डोळ्यांत कायमचे राहिले. ही जर्सी लक्षात ठेवावी, ती पुन्हा येणार आहे.

नव्वद मिनिटे एकही गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला. तिसऱ्या मिनिटाला अ‍ॅस्टल चेंडू घेऊन पुढे घुसले. त्यांनी उजव्या पायाने मारलेला फटका बचावपटूला लागून परत त्यांच्याकडेच आला. तो त्यांनी थांबवला नाही, विचारही केला नसावा. डाव्या पायाने त्यांनी जो फटका हाणला तो थेट वरच्या कोपऱ्यात जाळ्यात घुसला. १-० ने चषक अल्बियनचा झाला. त्या वर्षी स्पर्धेच्या प्रत्येक फेरीत अ‍ॅस्टल यांनी गोल केला होता. सारा देश ज्यांना डोक्याने खेळणारा म्हणून ओळखत होता, त्यांचा सर्वांत गाजलेला गोल पायाचा, आणि तोही डाव्या पायाचा!

१९६९-७० च्या हंगामात पहिल्या विभागात २५ गोल करून ते देशात पहिले आले. मार्च १९७० मध्ये लीग कपाच्या अंतिम सामन्यातही त्यांनी गोल केला. मँचेस्टर सिटीने तो सामना २-१ असा जिंकला खरा, पण वेम्ब्लीवर दोन्ही चषकांच्या अंतिम सामन्यांत गोल करणारे अ‍ॅस्टल हे पहिले खेळाडू ठरले. अशा मनुष्याला जगज्जेत्या इंग्लंड संघात जागा मिळाली नसती तरच नवल. ते एकंदर पाच वेळा देशाकडून खेळले.

आता मेक्सिकोतील विश्वचषकाबद्दल लिहिणे भाग आहे, नाहीतर चरित्र अपुरे राहील. ७ जून १९७०, ग्वादालाहारा, इंग्लंड विरुद्ध ब्राझील. पेलेंच्या त्या संघाने १-० अशी आघाडी घेतलेली, ऊन मी म्हणत होते. दुसऱ्या डावात अ‍ॅस्टल बदली खेळाडू म्हणून आले. थोड्याच वेळात ब्राझीलच्या बचावपटूची चूक होऊन चेंडू त्यांच्या पायाशी आला. समोर गोल जवळजवळ उघडा. त्यांनी डाव्या पायाने मारले आणि चेंडू खांबाबाहेरून गेला. दोन वर्षांपूर्वी वेम्ब्लीवर ज्या पायाने राज्य दिले त्याच पायाने येथे दगा दिला. इंग्लंड सामना हरले, आणि पुढे कित्येक वर्षे अ‍ॅस्टल हे नाव निघाले की हा एकच फटका लोक काढीत राहिले. मला हा मोठा अन्याय वाटतो. त्याच सामन्यात त्यांनी डोक्याने दिलेल्या चेंडूवर सहकाऱ्याने मारलेला फटका आडव्या खांबाला लागून वाया गेला होता. तो चेंडू आत गेला असता तर चुकलेल्या फटक्याची आठवण कोण काढणार होते?

यानंतर दुखापती सुरू झाल्या. १९७४ मध्ये त्यांनी अल्बियन सोडले, काही काळ दक्षिण आफ्रिकेत खेळले, परत येऊन लहानसहान क्लबांकडून खेळले आणि १९७७ च्या सुमारास खेळ थांबवला. वय पस्तीस.

आजच्या फुटबॉलपटूंच्या कमाईचे आकडे वर्तमानपत्रांत वाचणाऱ्यांना आश्चर्य वाटेल, पण इंग्लंडात १९६१ पर्यंत खेळाडूच्या पगारावर आठवड्याला २० पौंडांची मर्यादा होती. ती उठल्यावर पगार वाढले, तरी सामान्य खेळाडूला जन्मभर पुरेल अशी माया काही जमत नसे. देशासाठी खेळलेल्या, चषक जिंकून दिलेल्या अ‍ॅस्टल यांनी मग खिडक्या आणि इमारती साफ करण्याचा धंदा काढला. त्यांच्या गाडीवर एक विनोदी वाक्य रंगवले होते. कोपरे आम्ही कधी चुकवत नाही, असा त्याचा भाव. खिडकीचे कोपरे आणि गोलाचे कोपरे, दोन्ही त्यात आले. ज्या माणसाला एका चुकलेल्या फटक्याबद्दल जन्मभर टोचले गेले, तो स्वतःच असा विनोद करतो, यावरून त्यांचा स्वभाव ध्यानी यावा. गाण्याची त्यांना मनापासून हौस होती. १९९४ ते १९९६ या काळात बी. बी. सी. वरच्या फुटबॉलविषयक एका विनोदी कार्यक्रमात शेवटी येऊन ते गाणे म्हणत. कार्यक्रम सादर करणाऱ्या दोघांपैकी फ्रँक स्किनर हे स्वतः अल्बियनचे कट्टर चाहते. ज्यांनी अ‍ॅस्टल यांना मैदानावर कधी पाहिले नव्हते अशी तरुण पोरे त्यांना गायक म्हणून ओळखू लागली.

तो कार्यक्रम संपल्यानंतर थोड्याच काळात घरच्यांना काहीतरी बिनसल्याची चाहूल लागली. वय पंचावन्नच्या आसपास, शरीर धडधाकट, पण गोष्टी आठवेनात. प्रथम नावे गेली, मग माणसे. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. एवढ्या लवकर? पत्नी लॉरेन आणि तिन्ही मुलींपुढे हा प्रश्न होता. दिवस गेले तसे मनुष्य आतून रिकामा होत गेला. वेम्ब्लीचा तो गोल साऱ्या गावाला तोंडपाठ होता, तो ज्याने केला त्यालाच आपण फुटबॉल खेळत होतो हे आठवेना. १९ जानेवारी २००२ रोजी मुलीच्या घरी जेवताना त्यांच्या घशात घास अडकला. गिळायचे कसे हेही हा आजार हळूहळू विसरायला लावतो. त्यातच त्यांचा अंत झाला. अल्बियनच्या पुढच्याच सामन्यात जेसन रॉबर्ट्स या तरुण आघाडीवीराने गोल केल्यावर अंगावरची जर्सी वर उचलली. आतल्या बनियनवर अ‍ॅस्टल यांचे चित्र होते.

इंग्लंडात संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी कॉरोनर नावाचा अधिकारी करतो. पूर्वी मुंबईतही हे पद होते. अ‍ॅस्टल यांची चौकशी नोव्हेंबर २००२ मध्ये अँड्र्यू हेग या कॉरोनरांपुढे झाली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मेंदूत, विशेषतः पुढच्या भागात, मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत सापडतात तशा खुणा आढळल्या होत्या. वर्षानुवर्षे कपाळाने चेंडू मारल्याचा हा परिणाम असावा, अशी साक्ष पुढे आली. कॉरोनरांनी ती मान्य केली आणि मृत्यूचे कारण म्हणून नोंदवले : औद्योगिक रोग.

हेच ते दोन शब्द. खाणीतल्या मजुराच्या फुप्फुसात कोळशाची भुकटी बसते, दगडाच्या खाणीतल्याच्या फुप्फुसात दगडाची, कापडगिरणीतल्याच्या छातीत कापसाची. त्याला कायदा औद्योगिक रोग म्हणतो. म्हणजे रोग त्या माणसाच्या नशिबाने किंवा व्यसनाने आलेला नाही, त्याच्या कामाने आलेला आहे. ईस्टवुडच्या ज्या पोराने खाणीचा रस्ता टाळला, त्याच्याही मरणावर अखेर खाणकामगाराच्या मरणाचाच शिक्का बसला. आपल्या भाषेत डोक्यावरून ओझी वाहणाऱ्याला माथाडी म्हणतात, माथ्यावर काम करणारा तो माथाडी. माझे वडील बाजार समितीत हमाल आहेत, म्हणून हा शब्द माझ्या घरातला. महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला, तेव्हा अ‍ॅस्टल आपल्या खेळाच्या ऐन भरात होते. टाळ्या पडतात म्हणून डोक्याने केलेल्या कामाला काम म्हणायचे नाही, असे थोडेच आहे?

एवढा स्पष्ट निर्णय लागल्यावर फुटबॉलची मोठी मंडळी खडबडून जागी झाली असतील असे कोणालाही वाटेल. तसे घडले नाही. इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून तरुण खेळाडूंवर दहा वर्षे अभ्यास करण्याचे ठरवले होते. त्या अभ्यासाचे निष्कर्ष कधी लोकांसमोर आलेच नाहीत. २००३ साली हॉथॉर्न्स मैदानावर अ‍ॅस्टल यांच्या नावाचे सुंदर दरवाजे मात्र उभे राहिले. स्मारक लवकर होते. चौकशीला उशीर लागतो. हा अनुभव आपल्या देशालाही नवा नाही.

पुढे २०१४ साली ग्लासगोचे मेंदुविकृतितज्ज्ञ डॉ. विली स्टुअर्ट यांनी जपून ठेवलेल्या मेंदूची पुन्हा तपासणी केली. रोग साध्या स्मृतिभ्रंशाचा नव्हता. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सी. टी. ई., असे त्याचे लांबलचक नाव. डोक्याला वारंवार बसलेल्या लहानमोठ्या धक्क्यांनी मेंदूत टाऊ नावाचे प्रथिन विशिष्ट जागी साचत जाते आणि पेशी मरू लागतात. मुष्टियोद्ध्यांत हा विकार १९२८ पासून डॉक्टरांना माहीत होता. जिवंतपणी त्याचे पक्के निदान होत नाही, मेंदू मृत्यूनंतरच तपासावा लागतो. या विकाराने मृत्यू आल्याचे निश्चित झालेले अ‍ॅस्टल हे पहिले ब्रिटिश व्यावसायिक फुटबॉलपटू मानले जातात.

घरच्यांनी, विशेषतः मुलगी डॉन अ‍ॅस्टल यांनी, आता माघार न घेण्याचे ठरवले. जेफना न्याय द्या, अशी मोहीम सुरू झाली आणि तिला बळ दिले ते प्रेक्षकांनी. अल्बियनच्या सामन्यांत नवव्या मिनिटाला, म्हणजे ९ नंबरच्या जर्सीची आठवण म्हणून, सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवू लागले. फलक झळकले. ज्या लोकांना आपण जर्सीच्या पट्ट्यांवरून भांडणारे म्हणून हसतो, त्याच लोकांनी हा प्रश्न विझू दिला नाही. अखेर २०१४ मध्ये असोसिएशनचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांनी कुटुंबाची माफी मागितली.

त्या २०१४-१५ च्या हंगामात अल्बियनच्या जर्सीवरचे रुंद पट्टे जाऊन अगदी बारीक रेघा आल्या होत्या आणि त्या पुष्कळांना रुचल्या नव्हत्या. अशा वेळी ११ एप्रिल २०१५ हा दिवस उजाडला. क्लबाने तो अ‍ॅस्टल दिन म्हणून पाळायचे ठरवले. जेफ अ‍ॅस्टल प्रतिष्ठानाची सुरुवातही त्याच दिवशी झाली. समोर लेस्टर सिटीचा संघ. अल्बियनचे खेळाडू मैदानात आले ते पांढरा सदरा, पांढरी चड्डी आणि तांबडे पायमोजे घालून. १९६८ च्या वेम्ब्लीवरचा पोशाख जसाच्या तसा! पोशाखाची चर्चा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे माझेही मत होते. या प्रसंगाचे वर्णन वाचताना ते टिकले नाही. ज्या माणसाच्या डोक्यातून तो दिवस पुसला गेला होता, त्याचा तो दिवस अकरा जणांनी अंगावर घातला आणि हजारोंनी पाहिला. सामना मात्र कथेसारखा झाला नाही. लेस्टरने जादा मिनिटांत गोल करून ३-२ असा जिंकला.

डॉ. स्टुअर्ट यांनी पुढे मोठा अभ्यास हाती घेतला. स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडू आणि त्यांच्याच वयाचे, तशाच परिस्थितीतले २३,०२८ सामान्य लोक यांच्या मृत्यूंच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने खेळाडू कमी मरतात, हे खेळाच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु मेंदू झिजवणाऱ्या रोगांनी मरण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे साडेतीन पट निघाले. २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट दिसून आली. चेंडू सर्वांत जास्त वेळा डोक्यावर घेणाऱ्या बचावपटूंत या रोगांचा धोका सुमारे पाच पट होता, तर सहसा हेडर न मारणाऱ्या गोलरक्षकांत तो सामान्य लोकांहून विशेष वेगळा नव्हता. हेडरमुळेच हे होते असे एवढ्यावरून शंभर टक्के सिद्ध झाले असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. तरी कोणत्याही समंजस माणसाने सावध व्हावे इतके हे आकडे बोलके आहेत. १९६६ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्ल्टन आणि बॉबी चार्ल्टन या पाच जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, हेही येथे नोंदवतो.

यानंतर नियम हलू लागले. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडात लहान मुलांच्या सरावातून हेडर काढण्याची सूचना निघाली. २०२१-२२ पासून इंग्लंडातल्या मोठ्या खेळाडूंनीही सरावात आठवड्याला जोराचे दहाच हेडर मारावेत असे ठरले. त्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने डॉन अ‍ॅस्टल यांना स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंसाठी काम करण्यास बोलावून घेतले. वीस वर्षांपूर्वी ज्या दारातून उत्तर मिळत नव्हते, त्याच दाराच्या आत त्या आता बसू लागल्या.

२०२४-२५ च्या हंगामापासून इंग्लंडात अगदी लहान मुलांच्या सामन्यांतूनही हेडर टप्प्याटप्प्याने काढला जात आहे. प्रथम नऊ वर्षांखालील गट, पुढच्या हंगामात दहा, आणि २०२६-२७ मध्ये अकरा वर्षांखालील गट, असा तो क्रम ठरला. या गटांतल्या एखाद्या मुलाने मुद्दाम डोक्याने चेंडू मारला तर पंच शिट्टी वाजवतात, आणि चेंडू दुसऱ्या बाजूच्या मुलांना पायाने मारायला दिला जातो.